पेटीवाले गोविंदराव

सिंथेसायझरवर आवाज घडवताना एन्व्हलप नावाचा एक भाग लागतो. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात चढणार तो अटॅक, मग जरा उतरणार तो डिके, ज्या पातळीवर टिकणार तो सस्टेन, आणि बोट उचलल्यावर विरणार तो रिलीज. वाळपईच्या आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये मी कीबोर्ड वाजवते. ही चार बटणं फिरवताना मला सारखे गोविंदराव टेंबे आठवतात.

त्यांचा जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. नाव झालं पेटीवर. खरं तर पेटी हे अडचणीचंच वाद्य. सतारीची तार छेडली की सूर आपोआप उतरत जातो. पेटीचा सूर बोट उचलेपर्यंत सरळ उभा. डिके नाहीच! मींडही नाही. पण पेटीला भाता असतो. डावा हात हवा कमीजास्त करतो आणि तोच सूर फुगतो, दबतो. माझ्या कीबोर्डवर हा आकार आधी ठरवून ठेवावा लागतो, पेटीवाला तो वाजवता वाजवता ठरवतो. साथीच्या या वाद्याचं स्वतंत्र वादन गोविंदरावांनी मैफलीत रुजवलं ते याच जोरावर, असं मला वाटतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या चाली, त्यात पूरब ठुमरी-कजरीचा रंग. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी. १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चं संगीत त्यांचं, आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच. अल्लादियाखाँचं चरित्रही त्यांनी लिहिलं. हे खाँसाहेब म्हणजे आपल्या केसरबाई केरकरांचे गुरू. (केरी फोंड्यातली हां, आमच्या सत्तरीतली नव्हे.)

एवढं करूनही पेटीवरचा राग गेला नाही. तिचे सूर ठरलेले, श्रुती निघत नाहीत, वरून परकी, असं म्हणत १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. पेटीवर हयात घालवलेला माणूस तेव्हा साठीला आला होता. सत्तरीतल्या भजनांत आणि नाटकांत पेटी नसली तर काय उरेल, हे मी सांगायला नको. रेडिओवर मात्र तिला जागा नव्हती.

गोविंदराव १९५५ च्या ऑक्टोबरात गेले. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.