महाकवि दान्ते व त्याची त्रिलोकरचना

इटली देशातील फ्लॉरेन्स नगरात इ. स. १२६५ मध्ये दान्ते आलिगिएरी याचा जन्म झाला. मातृवियोग त्यास बालपणीच सोसावा लागला. सुमारे नऊ वर्षांचा असता बिआत्रिचे नावाची जवळजवळ त्याच्याच वयाची एक कन्या त्याच्या दृष्टीस पडली, व त्या दर्शनाचा ठसा त्याच्या अंतःकरणावरून पुढे कधीच पुसला गेला नाही. दोघांचेही विवाह यथाकाल अन्यत्र झाले. बिआत्रिचे इ. स. १२९० मध्ये ऐन तारुण्यात वारली. ज्या स्त्रीशी त्याचे चार शब्दही धड झाले नसतील, तिलाच त्याने पुढे आपल्या काव्यात स्वर्गातील वाटाडी केले.

दान्ते केवळ स्वप्नाळू कवी होता असे मात्र कोणी समजू नये. इ. स. १२८९ मध्ये काम्पाल्दीनोच्या रणांगणावर तो घोडदळात लढला. इ. स. १३०० च्या उन्हाळ्यात नगराचा कारभार पाहणाऱ्या सहा अधिकाऱ्यांत दोन महिन्यांसाठी त्याची निवड झाली. नगरात त्या वेळी काळा व पांढरा असे दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. शांततेसाठी दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांस हद्दपार करण्याचे ठरले. त्यांत दान्तेचा जिवलग कविमित्र ग्वीदो काव्हाल्कान्ती हाही होता. त्या हद्दपारीत ग्वीदोस ताप जडला आणि त्याच वर्षी तो मरण पावला. न्यायाच्या आसनावर बसणाऱ्यास कधी कधी केवढी किंमत द्यावी लागते!

लवकरच तीच पाळी दान्तेवर आली. तो पोपकडे वकिलातीवर गेला असता काळ्या पक्षाने नगर हस्तगत केले. ता. २७ जानेवारी १३०२ रोजी लाचखोरीचा आरोप ठेवून त्यास पाच हजार फ्लोरिन दंड व दोन वर्षे हद्दपारीची शिक्षा ठोठावण्यात आली. तो हजर झाला नाही, दंडही भरला नाही. तेव्हा मार्च महिन्यात, सापडल्यास जिवंत जाळावे, असा दुसरा हुकूम सुटला. त्यानंतर एकोणीस वर्षे तो परक्यांच्या दारी राहिला. इ. स. १३१५ मध्ये काही अटींवर परत येण्याची मुभा मिळत होती. परंतु अपराध्याप्रमाणे मान खाली घालून जन्मभूमीत पाऊल टाकणे त्यास मानवले नाही. तेव्हा त्याच्या मुलांवरही देहांताची शिक्षा लादण्यात आली.

याच वनवासात त्याने शंभर सर्गांचे आपले महाकाव्य रचले. विद्वानांची भाषा लॅटिन असता त्याने ते आपल्या मातृभाषेत लिहिले, ही गोष्ट मराठी वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी. त्याची एक फार जुनी हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे.

या काव्यातील विश्वरचना मोठी नेटकी आहे. पृथ्वी मध्यभागी. यरुशलेमेच्या खाली निमुळता होत गेलेला नरक, त्याची नऊ वर्तुळे. सर्वांत खाली, पृथ्वीच्या ऐन केंद्रात सैतान आहे. तो अग्नीत नव्हे, बर्फात रुतलेला! त्या केंद्रापाशी यात्रिकाला उलटे फिरावे लागते, कारण तेथून खाली जाणे म्हणजेच वर चढणे होय. पलीकडच्या गोलार्धात समुद्रातून शुद्धिस्थानाचा सात पायऱ्यांचा पर्वत उभा आहे. माथ्यावर एदेन बाग, तीवर चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरु, शनि, तारकामंडल व आदिगतीचे मंडल असे नऊ स्वर्ग, आणि त्यांपलीकडे स्थळकाळास न जुमानणारे ईश्वराचे निवासस्थान. ही मोजमापे इतकी काटेकोर भासतात की इ. स. १५८८ मध्ये तरुण गॅलिलिओने त्या नरकाच्या आकारावर फ्लॉरेन्समध्ये व्याख्याने दिली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांस फासे टाकून खेळावयाचे कल्पितवीरांचे खेळ ठाऊक असतील. त्यांतील अग्रणी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. पुढे त्यात सुष्ट-दुष्ट वृत्तींनुसार निरनिराळे लोक कल्पिले गेले. त्यांतील नरकाचे थर नऊच. एकाचे नाव दिस, दुसऱ्याचे मालबोल्ज, आणि तेथला जेरिऑन नामक राक्षसही आपणांस दान्तेच्या काव्यात भेटतो. फरक एवढाच की खेळातल्या नरकात तलवार चालते. दान्तेच्या हाती शस्त्र नाही. त्याला फक्त पाहावयाचे आहे, आणि पाहता पाहता आपलेही पाप ओळखावयाचे आहे. मला तरी हाच प्रवास अधिक बिकट वाटतो.

अखेरची वर्षे राव्हेन्ना येथे बरी गेली. व्हेनिसची वकिलात आटोपून परतताना त्यास हिवताप जडला, व सप्टेंबर १३२१ मध्ये त्याचे देहावसान झाले. फ्लॉरेन्सने पुढे त्याच्या अस्थी वारंवार मागितल्या. राव्हेन्नाच्या फ्रान्सिस्कन मठवासीयांनी त्या लपवून ठेविल्या. त्या थेट इ. स. १८६५ मध्ये सापडल्या. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे मंदिरातील त्याचे भव्य स्मारक रितेच आहे. नगरपालिकेने शिक्षा रद्द केल्याचा ठराव केला, तो इ. स. २००८ मध्ये! राव्हेन्नातील कबरीवर एक दिवा तेवत असतो. त्यास लागणारे तेल मात्र दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सहून येते.