पक्षिमित्र डॉ. सलीम अली

हिवाळा सरू लागला म्हणजे बीदर-कलबुर्गीकडील तळ्यांवर उतरलेली परदेशी बदके परतीच्या प्रवासास निघतात. हे पाहुणे कोठून येतात व कोठे जातात, याचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्यांना छंद होता. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. त्या दिवशी त्या बालकास जीवनाची दिशा सापडली.

पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. अधिक अभ्यासासाठी ते बर्लिनला गेले. परंतु १९३० साली परतले तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठी जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धवट घरटे मादीला पसंत पडले, म्हणजे तो ते पुरे करतो व दुसरे विणावयास घेतो. या शोधाने त्यांची कीर्ती पसरली.

नंतर त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी अंगावर घेतली. वेतन नको, केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, एवढीच त्यांची अट होती. आपले बीदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. १९४१ साली भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक निघाले.

पाहुण्या पक्ष्यांचे कोडे सोडविण्याचे त्यांचे एक मोठे क्षेत्र म्हणजे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडीक्कराई. तेथील खारट दलदलीत हिवाळ्यात रोहित, तुतारी, टिलवे यांचे थवेच्या थवे उतरतात. बिहारमधील मीरशिकार जमातीचे पारधी जाळी लावून पक्षी अलगद पकडीत. पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घातले, की पक्ष्यास पुन्हा आकाश मोकळे होई. ते कडे दूरदेशी कोणाच्या हाती लागले, म्हणजे प्रवासाचा मार्ग उलगडे. मुठीत मावेल एवढासा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो, हे ऐकून कोणास नवल वाटणार नाही? १९६७ साली कोडीक्कराईस अभयारण्याचा दर्जा मिळाला.

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब व गेटी पारितोषिक लाभले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी सोसायटीच्या कार्यास दिली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती जिज्ञासा, चिकाटी आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवण्याची शिस्त. माघ-फाल्गुनात आपल्या गावच्या तळ्याकाठी पहाटे जावे, शांत बसावे आणि दिसेल ते वहीत लिहावे. मात्र तळे राहिले तरच पाहुणे येतील, हे आपण सर्वांनी लक्षात ठेविले पाहिजे.