रामचंद्रन आलेख : नाव सर्वतोमुखी, संदर्भ सूचीबाहेर

प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडल्याचा दावा कोणत्याही प्रयोगशाळेने केला, की ती रचना एका चौकोनी आलेखावर तपासली जाते. आलेखावरील बहुतांश ठिपके अनुज्ञेय भागात पडले तर रचना विश्वसनीय मानली जाते. बाहेर पडलेल्या ठिपक्यांचा खुलासा संशोधकाला करावा लागतो. या आलेखाला जगभर ‘रामचंद्रन आलेख’ असे म्हणतात.

हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते डॉ. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले, परंतु सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना पदार्थविज्ञान विभागात ओढून घेतले. केंब्रिजमध्ये डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि १९५२ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, मद्रास विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले.

नव्या विभागासाठी विषयाचा शोध सुरू असतानाच ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. त्वचा, अस्थी आणि कंडरा यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप उलगडलेली नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. केंद्रीय चर्म संशोधन संस्था मद्रासमध्येच होती. तिच्याकडून कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली आणि तिच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढील वर्षी त्यांनी ती सुधारली. तीन पदरी वेणीप्रमाणे या साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, असे त्यांनी दाखविले. कोलॅजेनमध्ये सुमारे दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन का असते, याचे उत्तरही त्यातून मिळाले : वेणीच्या आतल्या अंगाला त्याहून मोठ्या आम्लाला जागाच नसते.

त्याच वर्षी केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला. मद्रासच्या प्रतिकृतीत काही अणू परस्परांच्या फार जवळ आले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दर तीन आम्लांमागे दोनऐवजी एकच हायड्रोजन बंध असलेली रचना सुचविली. बंधांच्या तपशिलात पुढे त्यांचीच मांडणी ग्राह्य ठरली. पीळदार तिहेरी रचनेची मूळ कल्पना मात्र मद्रासची होती, आणि श्रेयाच्या वाटणीत ती काहीशी झाकोळली गेली.

रामचंद्रन यांनी या वादातून एक वेगळाच प्रश्न उचलला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांतून अणूंमधील अंतरे संकलित केली. प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक आम्लापाशी दोन ठिकाणी वळण्याची मुभा असते. या दोन कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत, हे गणिताने शोधून त्यांनी आलेखावर मांडले. चौकोनाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग निषिद्ध ठरला. १९६३ मध्ये हा शोधनिबंध ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संपूर्ण रचना ज्ञात असलेली प्रथिने बोटांवर मोजण्याइतकीच होती. आज प्रथिनांच्या जागतिक पेढीत दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्यांच्या तपासणी अहवालांत या आलेखाचा निकष आहे.

शोधनिबंधाला इतरांनी किती वेळा संदर्भिले, यावरून त्याचे वजन ठरविण्याची पद्धत याच सुमारास रुजू लागली. ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ मध्ये सुरू झाली. १९६३ चा निबंध आणि शशिशेखरन यांच्यासह लिहिलेला १९६८ चा विस्तृत आढावा यांना हजारो संदर्भ मिळाले. तरीही हा आकडा अपुराच म्हणावा लागेल. आलेखाचे नाव मजकुरात घेऊन मूळ निबंधाचा उल्लेख संदर्भसूचीत न करणारे निबंध असंख्य आहेत. पायथागोरसचा सिद्धांत वापरताना कोणी तळटीप देत नाही, तसेच हे. यात खरी हानी सहलेखकांची होते. आलेखाच्या नावात रामकृष्णन आणि शशिशेखरन नाहीत. ते केवळ संदर्भसूचीतच भेटतात.

१९७१ मध्ये बंगळूरला परतून त्यांनी विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. त्याच वर्षी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरण छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिमा रचण्याची, संगणकाचा वेळ वाचविणारी गणिती रीत प्रसिद्ध केली. सीटी स्कॅन यंत्रांत याच प्रकारचे गणित दीर्घकाळ वापरले गेले. त्या तंत्रासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळाले.

रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अखेरची वर्षे कंपवाताच्या आजारात गेली. पत्नी राजलक्ष्मी यांच्या निधनानंतर, १९९९ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने त्यांना एवाल्ड पारितोषिक दिले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.