पाखरांचा वाटाड्या

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात दिल्ली दरवाजाजवळ एक मोठे तळे आहे. तुम्ही ते पाहिलेच असेल. मोगलांच्या काळी त्याला खिजरी तलाव म्हणत. आज त्याचे नाव सलीम अली सरोवर असे आहे. ज्यांचे नाव या तळ्याला मिळाले ते कोणी बादशहा नव्हते, सुभेदारही नव्हते. गळ्यात दुर्बीण अडकवून आणि हातात वही घेऊन रानोमाळ हिंडणारे ते एक साधे गृहस्थ होते. त्यांचीच ही गोष्ट.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाच्याला आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यामुळे लहानग्या सलीमच्या हातात छऱ्याची बंदूक आली आणि तो चिमण्या मारू लागला.

एके दिवशी, दहा वर्षांच्या सुमारास, त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. हा पक्षी खाण्यास हलाल आहे की नाही, असा त्याला प्रश्न पडला. तो मामांकडे गेला. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे पाठवले. साहेबाच्या कचेरीत जाताना मुलाचे पाय लटपटत होते. परंतु मिलार्ड साहेब प्रेमळ निघाले. त्यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले. आपल्या देशात पाखरांच्या इतक्या जाती आहेत, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले.

मात्र शाळेत सलीमची प्रगती बेताचीच होती. गणिताची तर त्याला धास्तीच वाटे. 1913 मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यात मदत करायला गेला, पण त्याचे लक्ष हिशेबापेक्षा रानाकडे अधिक. मुंबईला परतल्यावर फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून त्याने सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. गंमत अशी, की मिलार्ड आणि ब्लॅटर या दोघांनी पुढे मिळून जे पुस्तक लिहिले ते पाखरांवर नव्हे, भारतातील सुंदर फुलझाडांवर होते! 1918 मध्ये तहमीना बेगम यांच्याशी सलीम अलींचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मात्र मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. आज हे म्युझियम छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. तेथे येणाऱ्या लोकांना आणि शाळकरी मुलांना पशुपक्ष्यांची माहिती सांगायची, हे त्यांचे काम होते. दोन वर्षांत ते त्या कामाला कंटाळले. काचेमागचे पक्षी उडत नाहीत आणि गातही नाहीत! आणखी शिकावे म्हणून ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिन येथे प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. 1930 मध्ये परत येऊन पाहतात, तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

पदरी संसार, वय तेहतीस, आणि हाती काम नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? सलीम अली पत्नीसह समुद्रकाठच्या किहीम या गावी राहायला गेले. हे गाव अलिबागजवळ आहे. तेथे जवळच्या एका झाडावर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. सुगरण म्हणजे तुमच्या ओळखीची बया. पावसाळाभर सलीम अली आडोशाला बसून ती घरटी पाहत आणि टिपण करीत. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले तर ती तेथे राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! ही गोष्ट तोपर्यंत कोणी नीट पाहिली नव्हती. नोकरी गेली नसती, तर इतका वेळ झाडाखाली बसायला त्यांना कोणी दिला असता?

कोकणातील आंब्यांवरचे बांडगूळही त्यांनी असेच न्याहाळले. शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी बांडगुळाच्या फुलातील मध पितो. तेव्हा त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि ते पुढच्या फुलावर पोहोचतात. फळ धरले की फुलटोच्या येतो. त्याच्या पोटातून बाहेर पडलेले चिकट बी फांदीला चिकटते आणि तेथेच रुजते. पळस, पांगारा, काटेसावर या झाडांचेही पाखरांशी असेच नाते आहे. पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाही, पण रंग भडक आणि मध भरपूर. हे आमंत्रण पाखरांसाठी असते. 1932 मध्ये सलीम अलींनी फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांना बोलावणारी फुले यांवर एक लेखच लिहिला.

त्याच सुमारास त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या या संस्थानात होता. मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, अशी त्यांची अट होती. तहमीना बेगम सुखवस्तू घरात वाढलेल्या. तरी त्या रानातल्या मुक्कामात पतीबरोबर आनंदाने राहिल्या. एक गोष्ट लपवू नये. त्या काळी जात पक्की ठरवण्यासाठी पक्षी मारून ठेवावे लागत, आणि सलीम अलींनीही ते केले.

1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगम वारल्या. या धक्क्यानंतर ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि कामात बुडून गेले. 1941 मध्ये त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे सचित्र पुस्तक निघाले. म्युझियममध्ये थोड्या मुलांना जे दाखवता येत होते, ते आता घरोघरी पोहोचले. पुस्तक हाती घेऊन लोक बागेत, माळावर, डोंगरात पाखरे ओळखायला जाऊ लागले. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. ज्यांना पदवीअभावी नोकरी नाकारली गेली होती, त्यांना 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1985 मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. 1987 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्याच्या एक वर्ष आधी कन्नडजवळच्या डोंगरातील गौताळा औट्रमघाट हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तुमच्या शाळेची सहल फाल्गुनात तिकडे गेली, तर पळस फुललेला दिसेल. त्याच्याखाली थोडा वेळ गप्प बसा. मैना, बुलबुल, शिंजीर मध प्यायला येतील. साध्या चिमणीसारखी दिसणारी एखादी चिमणीही येईल. ती मान वर करील, तेव्हा तिच्या गळ्याकडे पाहा. तेथे पिवळा डाग असेल, तर ती तीच.