एक विषाणू दुसऱ्याला अडवतो तेव्हा: कोण होते ॲलिक आयझॅक्स?

मे 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं, आठवतंय? हमाल, व्यापारी, ड्रायव्हर सगळे एकमेकांना खेटून. अशा गर्दीत एकाच नाकात दोन वेगळे विषाणू शिरले तर?

एका विषाणूने गाठलेल्या पेशीत दुसरा अनेकदा वाढत नाही, हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. कारण माहीत नव्हतं. ते शोधलं ॲलिक आयझॅक्स यांनी. 1921 मध्ये ग्लासगोत जन्म, तिथेच डॉक्टरकी, मेलबर्नला फ्लूवर संशोधन, मग लंडन. 1957 मध्ये, एशियन फ्लू भारतात पोहोचला त्याच वर्षी, त्यांनी आणि स्वित्झर्लंडच्या जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला. पेशींमधून एक पदार्थ बाहेर पडला. तो नव्या पेशींना दिल्यावर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना! नाव ठेवलं इंटरफेरॉन.

आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरातही हेच घडतं. लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करते, त्या तयारीत राहतात. म्हणूनच साध्या सर्दीचा विषाणू कधीकधी फ्लूला थोडे दिवस थोपवू शकतो. (म्हणून मुद्दाम सर्दी करून घेऊ नका!)

पण हा पदार्थ इतका कमी मिळायचा की शुद्ध करणं जमेना. काहींनी तो काल्पनिक ठरवून टिंगलही केली. त्याच काळात आयझॅक्स नैराश्याशी झगडत होते. 1964 मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. 1967 मध्ये, अवघ्या 45व्या वर्षी ते गेले. अमेरिकेने इंटरफेरॉनला रक्ताच्या एका कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्यता दिली ती 1986 मध्ये.