ज्याच्या नावाने क्युबन सिगार विकला जातो, तो चर्चिल पुण्यात जेवून गेला होता

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत तुम्ही पाहिली असेलच. उंच मनोरा, समोर हिरवळ आणि फोटो काढणारी पोरं. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरचं पुण्यातलं घर हेच. ऑक्टोबर १८९६ मध्ये घोडदळातला एक २१ वर्षांचा लेफ्टनंट तीन दिवसांसाठी पुण्याच्या छावणीत उतरला होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडून त्याला जेवणाचं बोलावणं आलं.

जेवण झाल्यावर गव्हर्नरने पाहुण्याचं मन राखायचं म्हणून दोन-चार विषयांवर मत विचारलं. झालं. पोराने जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. गव्हर्नरला मधे बोलायचं होतं, पण त्याने संधीच दिली नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने हा किस्सा स्वतःचीच टर उडवत लिहून ठेवला.

त्या लेफ्टनंटचं नाव विन्स्टन चर्चिल. तोंडात सिगार, डोक्यावर हॅट आणि दोन बोटांची व्ही खूण. महागड्या क्युबन सिगारचं नाव काढलं की जगाला पहिला हाच चेहरा आठवतो. सिगारच्या एका मापालाच चर्चिल म्हणतात. पण ज्या नियमांनी सिगारची चव घेतली जाते आणि परीक्षण लिहिलं जातं, ते नियम लावले तर हा माणूस साफ नापास होतो. आणि त्या धुराआड जे झाकलं गेलं त्याचा संबंध थेट आपल्याशी आहे.

सुरुवात क्युबापासून करू. १८९५ मध्ये क्युबात स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पेटलं होतं. चर्चिल नुकताच चौथ्या हुसार्स या घोडदळात दाखल झालेला. रजा होती आणि युद्ध बघायची हौस होती. रेजिनाल्ड बार्न्स या सहकाऱ्याला घेऊन तो हवानाला पोहोचला. लंडनच्या डेली ग्राफिकसाठी बातमीपत्रं लिहायचं कामही त्याने मिळवलं. ३० नोव्हेंबरला तो २१ वर्षांचा झाला आणि त्याच सुमारास स्पॅनिश सैन्याच्या तुकडीसोबत असताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा गोळीबार अनुभवला.

सिगार तो आधीही ओढायचा, आईला ते अजिबात पसंत नव्हतं. पण खऱ्या अर्थाने सवय पक्की झाली ती हवानात. आपण बरेच सिगार घेऊन येतोय, त्यातले काही लंडनच्या घरातल्या तळघरात मुरत ठेवता येतील, असं त्याने आईलाच कळवलं. पोराची हिंमत बघा.

आता हवानाच्या सिगारमध्ये असं काय असतं? आपल्याला बिडी माहीत आहे. बिडीत तंबाखू निपाणीकडची असते आणि वरचं पान तेंदूचं, गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातलं. सिगारला असं दुसरं पान चालत नाही. आतला भरणा, त्याला बांधून ठेवणारं पान आणि बाहेरचं गुळगुळीत वेष्टन, सगळी तंबाखूचीच पानं. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा तांबड्या मातीचा पट्टा आहे. उत्तम पान तिथलं मानतात. वेष्टनाच्या पानाला ऊन सोसत नाही, म्हणून त्या शेतावर कापडाचं छत घालतात. रोपाच्या वरच्या पानात तिखटपणा, मधल्यात सुगंध आणि खालचं पान नीट जळावं म्हणून. ही पानं वाळवून, आंबवून, मुरवून कारागीर हाताने वळतो. सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना पेपर आणि कादंबऱ्या वाचून दाखवायला एक माणूस नेमायची पद्धत तिथल्या कारखान्यांत आहे.

असो, परत चर्चिलकडे. क्युबाहून परतल्यावर वर्षभरात त्याची रेजिमेंट भारतात निघाली. मुंबईच्या किनाऱ्याला बोट लागली आणि या पठ्ठ्याला धीर धरवेना. छोट्या होडीतून तो ससून डॉकला आला. लाटांनी होडी चार-पाच फूट वरखाली होत होती. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी त्याने उजव्या हाताने पकडली आणि त्याच क्षणी होडी खालून सरकली. खांदा निखळला. ती दुखापत जन्माची झाली. पुढे पोलो खेळताना त्याला हात पट्ट्याने बांधून घ्यावा लागायचा. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तलवारीऐवजी त्याने पिस्तूल वापरलं, तेही याच खांद्यामुळे.

तिथून पुणे, गव्हर्नरकडचं जेवण आणि मग बंगळूर. त्याच्या पलटणीने पूना लाइट हॉर्सचे पोलोचे २५ घोडे एकरकमी विकत घेतले आणि थोड्याच दिवसांत हैदराबादची स्पर्धा जिंकली. बंगळुरात बार्न्स आणि ह्यूगो बेअरिंग या दोघांसोबत बंगला, दिमतीला नोकर, बागेत गुलाब. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो आणि मधल्या रणरणत्या दुपारी पुस्तकं. शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत त्याने इथे गिबन, मेकॉले, प्लेटो वाचून भरून काढली.

तंबाखूच्या बाबतीतही तो अगदी योग्य मुलखात आला होता. त्रिचनापल्ली आणि दिंडिगलच्या चिरुटांचं तेव्हा विलायतेपर्यंत नाव होतं. चिरूट हा शब्दही मूळ तमिळ, सुरुट्टू म्हणजे गुंडाळी, त्याचंच हे रूप. शेरलॉक होम्स आपल्या पहिल्याच कादंबरीत राख बघून त्रिचनापल्ली चिरूट ओळखतो, यावरून कळेल.

हे सगळं चालू असताना इकडे काय होतं? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला होता. पाठोपाठ दुष्काळ. प्लेग पुण्यात आला, मग रँडचा जुलूम आला आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या त्याच गव्हर्नरच्या घरचा राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून निघालेल्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. चर्चिल तेव्हा रजेवर विलायतेत होता. भारतात तो येऊन-जाऊन १८९९ पर्यंत राहिला, वायव्य सरहद्दीवर लढला, त्यावर पुस्तकही लिहिलं. पण छावणी, क्लब आणि पोलोचं मैदान यांच्या कुंपणाबाहेरचा भारत त्याला दिसला नाही, आणि बघायची त्याला गरजही वाटली नाही. तरुणपणीचं हे मत त्याने म्हातारपणापर्यंत बदललं नाही. १९३० च्या दशकात भारताला थोडीफार सत्ता द्यायलाही तो हट्टाने विरोध करत होता.

विलायतेला परतल्यावर तो राजकारणात शिरला. ९ ऑगस्ट १९०० रोजी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या रॉबर्ट लुईस या दुकानात त्याने खातं उघडलं. पहिली खरेदी ५० हवाना सिगारची. हे खातं सहा दशकांहून जास्त चाललं. पक्ष बदलले, खाती बदलली, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या अपयशामुळे मंत्रिपद गेलं, पण सिगारवाला तोच राहिला. चार्टवेल इथल्या घरात अभ्यासिकेला लागून असलेल्या खोलीत तीन ते चार हजार सिगार असायचे, असं त्याच्या सेवकांनी लिहून ठेवलंय.

आता नापास का, ते सांगतो. सिगार चाखणारे आधी टोक नीट कापतात. न पेटवता एक झुरका घेऊन पानाची चव बघतात. पेटवल्यावर धूर छातीत न घेता तोंडात घोळवतात, मिनिटाला एखादाच झुरका, नाहीतर सिगार तापून कडवट होतो. मग पहिला तिसरा हिस्सा, मधला आणि शेवटचा, प्रत्येकाची चव वेगळी नोंदवायची. लाकूड, कॉफी, कोको, मिरी, चामडं असे शब्द त्यात येतात.

चर्चिल कटर वापरत नसे. लांब काडी घेऊन टोकाला भोक पाडायचा. एक टोक तोंडात धरून इतकं चघळायचा की पान भिजून लगदा व्हायचा. त्यावर उपाय म्हणून त्याने टोकाला तपकिरी कागदाची पट्टी चिकटवायची युक्ती काढली होती. बोलताना सिगार विझायचा, तो मेणबत्तीवर पुन्हा पेटवायचा, परत विझायचा. दिवसाला आठ-दहा सिगार, पण बहुतेक अर्धवट ओढलेले. राख कुठेही, बहुतेक वेळा स्वतःच्या कपड्यांवर. असे नुसते चघळलेले सिगार घेऊन परीक्षण लिहिणार काय?

त्याला सिगारचा दुसरा उपयोग नेमका कळला होता. व्यंगचित्रकारांना एखादी खूण लागते आणि लोकांना ती लक्षात राहते, हे तो जाणून होता. मे १९४० मध्ये तो पंतप्रधान झाला, लंडनवर बॉम्ब पडू लागले, आणि ढिगाऱ्यातून सिगार ओढत चालणारा म्हातारा हे धीराचं चित्र झालं. डॉलर वाचवण्यासाठी ब्रिटनने युद्धकाळात हवाना सिगारची आयात थांबवली, तरी त्याला भेटी येतच राहिल्या. १९४१ मध्ये क्युबातून सिगारांनी भरलेलं कपाटच आलं. कुणी विष घातलं असेल तर? गुप्तचर खात्यातले शास्त्रज्ञ लॉर्ड रोथशिल्ड यांच्याकडे नमुन्यांची तपासणी सोपवण्यात आली. अहवालाची वाट बघण्याइतका दम चर्चिलला होता थोडाच, त्याने त्यातले सिगार सहकाऱ्यांत वाटूनही टाकले.

३० डिसेंबर १९४१ ला ओटावात फोटोग्राफर युसुफ कार्शने फोटोआधी त्याच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला. चर्चिल भडकला आणि तोच रागीट चेहरा कॅमेऱ्यात आला. त्याचा जगातला सगळ्यात गाजलेला फोटो सिगारशिवायचा आहे.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. साधारण तीस लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला, वादळाने पीक गेलं, महागाई भडकली, बंगालमधल्या सरकारने गोंधळ घातला. कारणं बरीच आहेत आणि इतिहासकारांत वाद आहेत. पण धान्याची जहाजं पाठवा म्हणून भारतातून मागणी होत राहिली आणि लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने ती वारंवार नाकारली किंवा फारच थोडी मान्य केली, हे कागदोपत्री आहे. व्हाइसरॉय वेव्हेल यासाठी भांडत होता. भारतमंत्री लिओ अमेरी तर चर्चिलचा शाळेपासूनचा ओळखीचा, त्याच्याच पक्षातला. भारतीयांबद्दल चर्चिल बैठकांत काय बोलायचा हे त्याने डायरीत लिहून ठेवलंय, ते वाचवत नाही. त्या वर्षीचे सिगारवाले फोटो बघताना एवढं आठवतंच.

युद्ध जिंकला आणि १९४५ ची निवडणूक हरला. १९४६ च्या फेब्रुवारीत पन्नास वर्षांनी तो पुन्हा हवानाला गेला, तिथे त्याचं जंगी स्वागत झालं. रोमिओ इ हुलिएता कंपनीने आपल्या लांब सिगारला त्याचं नाव दिलं. सात इंच लांब, ४७ गेज जाड. हा गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी साधारण १८.६ मिलिमीटर. संपवायला तासाहून जास्त वेळ लागतो. आज दुसऱ्या कंपन्याही या मापाला चर्चिलच म्हणतात.

चर्चिल नव्वदीपर्यंत जगला, म्हणून सिगारने काही होत नाही असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. खुद्द चर्चिलला १९५३ मध्ये पंतप्रधान असताना पक्षाघाताचा झटका आला होता, तो लोकांपासून लपवण्यात आला. २४ जानेवारी १९६५ ला तो गेला. वडील गेले तीच तारीख, बरोबर ७० वर्षांनी.

१९४७ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्याने अर्धवट ओढून टाकलेला एक हवाना सिगार २०१७ मध्ये अमेरिकेत लिलावात निघाला. बारा हजार डॉलरहून जास्त किंमत आली. बंगळूर क्लबच्या १८९९ च्या वहीत मात्र लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी आहे. क्लबने ती वही जपून ठेवली आहे.