सत्यनिष्ठ द्यूत्रोशे

मनुका पाण्यात भिजत घातल्या की टपोऱ्या होतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते. मनुकेला तोंड नाही. मग पाणी तिच्यात शिरते कसे? फोडीत झरा नाही. मग तिच्यातून पाणी येते कोठून? अशा प्रश्नांचा ध्यास घेणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आंरी द्यूत्रोशे.

त्याचा जन्म १७७६ साली एका सधन सरदार घराण्यात झाला. जन्मतःच त्याचे पाऊल वाकडे होते. वैद्यांचे उपाय थकले, तेव्हा उपचार जाणणाऱ्या एका जल्लादाने ते बरे केले. पुढे राज्यक्रांतीच्या वावटळीत घराण्याची मालमत्ता गेली. तरीही द्यूत्रोशे खचला नाही. पॅरिसमध्ये शिकून १८०६ साली तो डॉक्टर झाला. सैन्याबरोबर तो स्पेनमध्ये गेला. परंतु तेथे तापाने त्याला गाठले व मायदेशी परतावे लागले. मग आईच्या सहवासात खेड्यात राहून त्याने संशोधनाला वाहून घेतले.

कोंबडीच्या आतड्याच्या पिशवीत त्याने दूध भरले, तोंड घट्ट बांधले आणि ती पाण्यात ठेवली. हळूहळू पिशवी फुगली व तिचे वजन वाढले. उलट, आत पाणी आणि बाहेर दाट द्रव ठेवताच ती आक्रसली. पातळ पडद्यातून पाणी दाट द्रवाकडे धाव घेते, हे स्पष्ट झाले. नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १७४८ सालीच असा चमत्कार पाहिला होता. परंतु वनस्पतींच्या व प्राण्यांच्या सूक्ष्म पेशींतही पाण्याची ये-जा अशीच चालते, हे द्यूत्रोशेने ओळखले. ह्या क्रियेला आज आपण परासरण म्हणतो.

हे घडते कशामुळे? ही विजेची करणी असावी, असे त्याने प्रथम जाहीर केले होते. पुढील प्रयोगांत मात्र ती कल्पना टिकेना. १८३१ साली तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला होता. त्याची कीर्ती पसरली होती. अशा वेळी चूक झाकणे सोपे होते. द्यूत्रोशेने तसे केले नाही. विजेची कल्पना त्याने सोडून दिली. १८३७ साली आपले निबंध एकत्र छापताना त्याने निक्षून सांगितले, की ह्या संग्रहात न घेतलेले आपले पूर्वीचे लेखन रद्द समजावे.

१८४७ साली पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्याने टाकून दिलेली कल्पना आज कोणी मानीत नाही. त्याने पारखून ठेवलेले प्रयोग मात्र शाळाशाळांतून आजही केले जातात.